कापलेला करगोटा

कुलदीपची गाडी फाटकातून आत आली तेव्हाच मनकर्णाआत्यानं ओळखलं, हा काही बोरन्हाणाला आलेला नाही, भांडायला आला आहे. बोरन्हाणाला येणारा माणूस गाडीतून आधी खाऊची पिशवी उतरवतो. कुलदीपनं आधी फाइल उतरवली आणि दार धाडकन लावलं. दुसऱ्या बाजूनं त्याची बायको डिंपल उतरली. हलव्याच्या दागिन्यांचा पुठ्ठ्याचा डबा तिनं दोन्ही हातांवर असा धरला होता, की जरा हलला तर आतलं लेकरू जागं होईल.

आत्या पडवीत सुपात बोरं घेऊन बसली होती. किडकं एक जरी बाळाच्या डोक्यावर पडलं तर तिला खपत नसे.

"बाबा कुठं हायेत, आत्या?"

"बगिच्यात. संत्र्याले पाणी सोडून राहिले. बस, चहा घे. मंग काय भांडायचं ते भांड."

"मी काही भांडायले नाही आलो."

"मंग फाइल काहून आणली रे? बोरन्हाणात बोरं टाकतेत बाप्पा, फायली नाही."

डिंपल हसली. कुलदीप हसला नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात ह्याच्या जिभेची दहशत, पण आत्यापुढे त्याचं काही चालत नसे. ह्याच्या अंगाला पहिल्या दिवसापासून तेल लावलं ते तिनंच, आणि त्याच्या धाकट्या भावाला, अक्षयलाही. बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून ती बोरगावला भावाच्या घरी परत आली, त्याला आता पन्नास वर्षं होतील. तेव्हापासून ह्या घरात जन्मलेलं प्रत्येक पोर तिच्या पायांवर आडवं पडून न्हालं. अपवाद एकच. अक्षयची पोर, ऋतुजा. पाच महिन्यांची. आणि त्यातही पहिले तीन महिने आत्यानंच न्हाऊ घातलं होतं. पुढचे दोन महिने तिनं त्या पोरीला हातसुद्धा लावला नव्हता.

कोणी मना केलं नव्हतं. हात तिचेच उचलत नव्हते.

नोव्हेंबरात नागपूरहून निदान घेऊन मंडळी परतली, त्या दिवसापासून ह्या घरात एक शब्द बंद पडला होता. गाठ. उर्मिलावहिनी, आत्याची भावजय आणि कुलदीप-अक्षयची आई, गड्याला सांगे, "पोत्याले सुतळी आवळ." अक्षयला पाहुणे भेटले तर तो म्हणे, "भेट झाली." दादाराव, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ आणि घरातले कर्ते, एकदा 'गाठोडं' म्हणता म्हणता मधेच थांबले आणि नुसता हात दाखवून राहिले. त्यांनी काय मागितलं ते समजायला गड्याला पाच मिनिटं लागली. एवढ्या मोठ्या घरात तो शब्द जो तो टाळत होता, आणि दुसराही टाळतो आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

ऋतुजा जन्मली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गोटमारीचा दिवस, पांढुर्णा आणि सावरगावच्या मधे जाम नदीत दोन्ही गावांचा एकमेकांवर दगडांचा पाऊस, सगळे रस्ते बंद, आणि अक्षयच्या बायकोला, मानसीला, नेमक्या तेव्हाच कळा. कुलदीपनं शेतांतून, बांधांवरून गाडी काढून भावजयीला दवाखान्यात पोचवली होती. म्हणून त्यानं पुतणीचं नाव ठेवलं गोटी. "हिच्यावर पहिला हक्क माझा," असं तो बारशाला सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि मानसीनं हसून कबूल केलं होतं.

बारशाच्याच दिवशी आत्यानं तिच्या कमरेला काळा करगोटा बांधला. दिवाळीपर्यंत तो चारदा बदलावा लागला. दर वेळी आधीचा दोरा पोटात रुतायला लागे, आत्या तो सोडून नवा लांब बांधे, आणि उर्मिलावहिनी शेजारीपाजारी साखर वाटे. "पोरीनं बाळसं धरलं वं! करगोटा पुरून नाही राहिला!" चार करगोटे, चारदा साखर. हातपाय मात्र काडीसारखेच होते. ते पाहूनही कोणाला काही वाटलं नाही, कारण बघायचं पोट, आणि पोट तर कसं टम्म होतं.

मग मालिश करताना आत्याच्या बोटांना पाठीवर काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, निळसर. मग दंडावर. मग मांडीवर. चोळलं की पांढरं पडे आणि भोवती लाल कडं उमटे. तिला वाटलं, आपलाच हात जड पडला, रक्त साकळलं. चार दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. ते चार दिवस तिला अजून खात होते.

पाचव्या दिवशी तिनं मानसीला सांगितलं. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ती सून. तिनं एक शब्द न बोलता पोरीला उजेडात नेलं, पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नागपूर गाठलं. आत्याला तिनं हट्टानं बरोबर नेलं. "आत्याबाई, तुमच्या हाताला काय लागलं ते तुम्हीच सांगायचं."

तपासण्यांत आठवडा गेला. लघवी तपासली, कातडीखालच्या एका फोडाचा तुकडा काढला, पोट, हाडं, सगळं पाहिलं. मग त्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि कागदावर एक बाळ काढलं. नुसतं डोकं, पाठ आणि दोन मूत्रपिंडं.

"बाळ आईच्या पोटात असतं ना, तेव्हा पाठीच्या कण्याजवळून नसांच्या कोवळ्या पेशी निघतात," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीनं ठिपके ठिपके काढत गेल्या. "चालत चालत आपापल्या जागी जातात. काही इथं, मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिथं. पोचल्या की मोठ्या होतात, कामाला लागतात. तुमच्या आमच्या सगळ्यांच्या तशाच झाल्या. हिच्या काही पेशी पोचल्या, पण मोठ्या झाल्याच नाहीत. कोवळ्याच राहिल्या आणि वाढत सुटल्या. त्यातल्या यकृतात गेल्या, म्हणून पोट मोठं. काही कातडीखाली आल्या."

"कॅन्सर?" अक्षयनं विचारलं.

"हो. न्यूरोब्लास्टोमा म्हणतात."

"पसरलेला?"

"हो. पण पुढचं नीट ऐका. हेच तीन वर्षांच्या मुलाला झालं असतं, तर मी केमो, ऑपरेशन, रेडिएशनचा शेक, सगळं सांगितलं असतं आणि तरी खात्री दिली नसती. ही तीन महिन्यांची आहे. हाडांत काही नाही. तुकड्यात जी वाईट खूण शोधतो, ती हिच्यात नाही. इतक्या लहान बाळांत या पेशी पुष्कळदा थोडं वाढून थांबतात आणि आपोआप विरून जातात. औषध न देता. आपण लक्ष ठेवायचं. यकृत वाढून श्वास लागला, दूध तुटलं, तर मात्र तासाभरात निघायचं, मग औषध सुरू करू."

मग आत्याच बोलली.

"डॉक्टरीणबाई, त्याइले कोण सांगते? आता पुरे म्हणून?"

बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "आजी, ते जगातल्या मोठमोठ्या लोकांना अजून पुरतं उमगलेलं नाही. मलाही नाही. असं होतं, एवढं आम्ही पाहतो."

सात दशकांत आत्यानं बाळंतपणं पाहिली, मरणं पाहिली, देवाच्या नावानं घुमणारे पाहिले. पण वीतभर पोरीच्या आत, कोणाला न विचारता, कोणीतरी थांबा म्हणणार आणि ते थांबणार, हे ऐकून तिला हात जोडावेसे वाटले. कोणापुढे जोडायचे ते कळेना, म्हणून तिनं त्या कागदावरल्या बाळाला जोडले.

निघताना तिनं मान खाली घालून विचारलं, "माया मालिशनं तं नाही झालं?"

"नाही हो. हे ती पोटात असतानाच सुरू झालंय. तुमच्या हाताला लागलं म्हणून वेळेत कळलं. फक्त आता पोट दाबू नका."

पोट दाबू नका, एवढंच बाई म्हणाल्या होत्या. आत्यानं हातच पदरात गुंडाळले ते गुंडाळले.

चहा झाला. दादाराव चिखलाचे पाय धुऊन आले. कुलदीपनं फाइल उघडली.

"उद्या सकाळी नागपूरहून विमान हाय. मानसी, अक्षय, गोटी आणि मी. मुंबईत एका डॉक्टरशी बोललो. तो म्हणते, काढून टाकता येते, ऑपरेशन करून. इथं तं दोन महिने झाले, काय करून राहिले? काहीच नाही! कॅन्सर हाय आणि घरी नेऊन दूध पाजा म्हणतेत. असं कुठं असते का?"

"दादा, मी समजावून सांगितलं होतं तुम्हाला," मानसी शांतपणे म्हणाली. पोर तिच्या खांद्यावर होती. "यकृतभर पसरलेलं आहे, ते कापून काय काढणार? उलट तिलाच धोका. आणि दुसऱ्या डॉक्टरांना फाइल दाखवा ना, माझी ना नाही. पण चिरफाड करायला मी नेणार नाही."

"गेल्या महिन्याच्या सोनोग्राफीत कमी होतं का? सांग. होतं का कमी?"

"नव्हतं."

"मंग?"

मानसीनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्या सोनोग्राफीनंतर तिनं घरातली मोजायची टेपसुद्धा कपाटात खाली दडवून ठेवली होती. शेचाळीस सेंटिमीटर. त्यापुढचा आकडा बघायची तिची छाती होत नव्हती, आणि हे फक्त आत्याला माहीत होतं, कारण कपाट आवरताना टेप तिलाच सापडली होती. तिनं ती होती तशीच ठेवली.

उर्मिलावहिनीनं पदर तोंडाला लावला. "पोरगं म्हणते ते काही खोटं नाही. काहीतरी तं करा लागंन. नुसतं पाहत बसायचं का?" आजवर ती सुनेच्या बाजूनं होती. आता हळूच सरकून थोरल्या लेकाच्या बाजूला बसली, अगदी सतरंजीवरसुद्धा.

अक्षय भावाकडे बघे, बायकोकडे बघे. पांढुर्ण्याच्या नव्या जिल्हा कचेरीत दिवसभर लोकांना 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणायची त्याला सवय झाली होती. "जाऊन यायचं का मानसी? नुसतं दाखवून?"

मानसीनं नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यानं एक बोर उचलून तोंडात टाकलं.

दादाराव पुढं सरकले. मग म्हणाले, "अंबिया बहाराले एका झाडावर किती फळ बसते, माहीत हाय का तुले, कुलदीप?"

"बाबा, आता संत्र्याचं नका काढू."

"ऐक. हजारानं बसते. वाटाण्याएवढं झालं का गळते. खाली नुसता सडा. मी पाणी देतो, खत देतो, फवारा मारतो. पर कोणतं ठेवायचं न् कोणतं सोडायचं, ते झाड ठरवते. मले साठ वर्सांत नाही समजलं बाप्पा, कसं ठरवते ते."

"पोरगी काही झाड नाही!"

"नाही ना. म्हणून तं मले रात्रभर झोप नाही लागत," दादाराव म्हणाले.

कुलदीपनं फाइल मिटली, परत उघडली. "मले हात बांधून बसणं जमत नाही, आत्या," तो एकदम तिच्याकडे वळून म्हणाला. डोळे भरले होते गड्याचे. "तू सांग. तू जे म्हणशीन ते."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती काय सांगणार? तिच्याजवळ होते ते दोन हात, आणि तेही तिनं दोन महिन्यांपूर्वी मोडीत काढले होते.

"आधी लेकराचं बोरन्हाण करा," ती म्हणाली. "बाहेर गल्लीतली पोरं कवाची ताटकळून राहिली. विमान काही आता उडून नाही चाललं."

आतल्या खोलीत ऋतुजाला काळं झबलं घातलं. डिंपलनं डबा उघडला. हलव्याचा मुकुट, हार, बिंदल्या, आणि कमरपट्टा. पांढरे शुभ्र काटेदार दाणे काळ्या कापडावर ओवलेले. तीन आठवडे खपली होती बिचारी.

"बाई, तुमी घ्या मांडीवर," उर्मिलावहिनी म्हणाली. "ह्या घरच्या सगळ्या लेकरांचे दागिने तुमीच बांधले."

"नाही वहिनी. मी आपली पाहतो इथून."

डिंपलनंच सगळं बांधलं. मुकुट बसला. हार बसला. कमरपट्टा बांधून तिनं हात काढला आणि पट्टा सुळकन खाली घसरून मांड्यांवर आला. परत वर ओढला, परत खाली.

"अवं, माप चुकलं तुयं," उर्मिलावहिनी म्हणाली.

"नाही आई, कसं चुकंन? मी दोऱ्यावर माप घेतलं."

"कोणत्या दोऱ्यावर?"

"तुमीच तं देल्ला होता. दवाखान्यात सिस्टरनं कापला होता तो करगोटा." डिंपल रडवेली झाली. डब्याच्या तळातून तिनं काळा दोरा काढला. सोनोग्राफीच्या वेळी कापलेला, दोन टोकांचा. त्यानंतर ऋतुजाच्या कमरेला करगोटा बांधलाच नव्हता. नवा किती लांब घ्यावा हे कोणाला बघायचं नव्हतं. "ह्याच्याबरोबर केला मी. एक दाणा इकडचा तिकडं नाही!"

"मंग कापड ताणलं असंन..."

"वहिनी, थांब," आत्या म्हणाली.

ती उठली. गुडघे कुरकुरले. डिंपलच्या हातातून तिनं दोरा घेतला. तो दोरा तिनंच वळलेला, तिनंच बांधलेला, शेवटचा. कापल्यावर दोन टोकं कमरेभोवती जेमतेम भिडतील एवढाच उरला होता. बांधायला एक बोटही जास्त नव्हता. म्हणून तर तो परत बांधला नव्हता.

"इकडं दे पोरीले."

मानसीनं पोर तिच्या मांडीवर ठेवली. दोन महिन्यांनी. आत्यानं दोरा पाठीखालून घेतला, दोन्ही बाजूंनी वर आणला. टोकं भिडली. भिडून पुढे गेली. एकावर एक चढून तीन बोटं पुढे गेली.

तिला वाटलं, आपले डोळे फसवताहेत. तिनं दोरा सोडला, परत घेतला. तीन बोटं.

मग तिनं तळहात पोटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, दिवा विझू नये म्हणून आडवा धरतात तसा. दिवाळीत बेंबीच्या खाली उतरलेला तो कठीण काठ तिच्या बोटांना पाठ होता. आज तो तिथं नव्हता. बेंबीपाशी नुसतं लेकराचं मऊ पोट होतं. ती हात वर नेत गेली. काठ होता अजून, पण वर, बराच वर. ऋतुजानं पाय झाडले आणि तिच्या अंगठ्याला लाथ मारली.

"मानसी, टेप आण," आत्या म्हणाली. "कपाटात खाली हाय. तुया शालूच्या घडीत."

मानसीनं चमकून पाहिलं, पण गेली. तिनं टेप पोटाभोवती धरली. "एक्केचाळीस," ती म्हणाली. परत मोजलं. "आत्याबाई, एक्केचाळीस." आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

अक्षय, कुलदीप, दादाराव दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. अक्षयनं पोरीचं झबलं वर केलं आणि पाठीवरचे ते निळे वाटाणे शोधू लागला. दोन सापडले. बाकीच्यांच्या जागी नुसते फिक्के डाग.

"कुठं गेलं?" कुलदीप म्हणाला. "आत्या, कुठं गेलं ते?"

"कोणाले माहीत बाप्पा," आत्या म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "सांगतलं असंन कोणी त्याइले. पुरे म्हणून."

मानसीनं फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी आधी श्वासाचं विचारलं, मग दुधाचं, मग टेपचं माप दोनदा वदवून घेतलं. "सोमवारी घेऊन या. सोनोग्राफी करू, लघवी तपासू. अजून बरी झाली असं म्हणायचं नाही, वर्ष दोन वर्षं आपलं येणं जाणं राहणार," त्या म्हणाल्या. "पण मानसी, इतकी वर्षं मी हे पाहते आहे, तरी दर वेळी मला खुर्चीतून उठावंसं वाटतं."

फोन बंद झाल्यावर दादाराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि कोणाकडे न बघता नुसती मान हलवत होते. उर्मिलावहिनी सुनेजवळ खाली बसली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवत.

कुलदीपनं फाइल कपाटावर ठेवून दिली. "सोमवारी गाडी मी चालवीन," तो म्हणाला. "मी विचारीन त्या बाईले सगळं. ते ठिपके कसे चालत जातेत ते मले कागदावर पाहायचं हाय."

"पाह्य. पर आधी तिकिटं रद्द कर," आत्या म्हणाली.

करगोटा अजून तिच्या हातात होता. तीन बोटं जास्तीचा. बांधण्यापुरता. दोन्ही टोकं चिमटीत धरून ती थांबली, कारण पुढं जे करायचं त्याचा शब्द ह्या घरात दोन महिने कोणी उच्चारला नव्हता.

मानसीनं डोळे पुसले. "आत्याबाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मारा गाठ."

कोणीही दचकलं नाही. आत्यानं टोकं एकात एक गुंतवली आणि बेताबेतानं ओढली.

"पक्की मारली का?" उर्मिलावहिनीनं विचारलं.

"नाही वं," आत्या म्हणाली. "सरकगाठ मारली. आनखी आत घ्या लागंन."